सवय डासाला लागत नाही

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीत संध्याकाळी साडेसहाला पटापट खिडक्या बंद होतात. तळमजल्यावरच्या काकू कॉइल लावतात, आम्ही मशीन लावतो आणि तरी रात्री कानाशी गुणगुण चालूच राहते. "मेल्यांना आता याचीही सवय झालीय," काकू परवा वैतागून म्हणाल्या. त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. पण त्यातला 'सवय' हा शब्द आपल्याला फार दिवस चुकीच्या वाटेने नेतोय, असं मला मनापासून वाटतं.

रात्री घरात चावणारा हा डास बहुतेक वेळा क्युलेक्स असतो. रंगाने तपकिरी, भिंतीवर बसला की अंग भिंतीला समांतर. डेंग्यूचा एडिस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. क्युलेक्सला घाण पाणी लागतं: तुंबलेलं गटार, सेप्टिक टँक, जलपर्णीखालचं संथ नदीपात्र. हत्तीरोगाचे कृमी आपल्याकडे मुख्यतः हाच पसरवतो. मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी घालते. ती एकमेकांना चिकटून पाण्यावर काळसर, इवलासा तराफा तयार होतो. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यातून पुढची पिढी उडायला लागते.

आता सवयीचं पाहू. सवय एका जिवाला लागते, आणि डासाचं आयुष्यच मुळी काही आठवड्यांचं. औषधाने तो मरतो किंवा वाचतो. शंभर डासांत दोन-चार असे असतात, की जन्मतःच त्यांच्या शरीरात काहीतरी वेगळं असतं आणि ते वाचतात. पुढची अंडी त्यांचीच. शेतकरी बियाण्यासाठी ज्वारीची निवडक कणसं राखून ठेवतो, तसे आपण रोज संध्याकाळी सर्वांत चिवट डास बियाण्याला राखून ठेवत असतो.

हे 'काहीतरी वेगळं' म्हणजे काय, तेही आता नेमकं माहीत आहे. कॉइल, मशीनमधलं लिक्विड, फवारायचा स्प्रे यांची नावं आणि वास वेगळे असले, तरी आतलं औषध बहुधा एकाच घराण्यातलं असतं: पायरेथ्रॉइड. ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन ही सगळी भावंडं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडलेल्या विषावरून ती बनवली गेली. डासाच्या मज्जातंतूंवर सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडून मिटली की एक संदेश पुढे जातो. पायरेथ्रॉइड त्या दारात पाचरीसारखं अडकतं. दार मिटत नाही, संदेश थांबत नाहीत आणि डास उताणा पडून पाय झाडायला लागतो. चिवट डासात या दाराच्या प्रथिनातला १०१४ क्रमांकाचा एकच दुवा, म्हणजे एकच अमिनो आम्ल, बदललेला असतो: ल्युसीनच्या जागी फिनाइलअलानीन. एवढ्या बदलाने पाचर नीट बसत नाही.

डीडीटीही याच दारावर काम करायचं. ते कीटकनाशक आहे हे पॉल म्युलर यांनी १९३९ साली ओळखलं आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियाच्या मोहिमेत गावोगाव घरांच्या भिंतींवर त्याची फवारणी झाली. ज्या डासांना हा बदल डीडीटीपासून वाचवतो, त्यांना तो पायरेथ्रॉइडपासूनही वाचवतो. आजीच्या घरातल्या फवारणीचा हिशेब नातवाच्या मशीनला चुकवावा लागू शकतो, तो असा.

दुसरी तऱ्हा आणखी थक्क करणारी आहे. काही डास विष मज्जातंतूपर्यंत पोचायच्या आतच त्याला पकडतात किंवा मोडून टाकतात. कॅलिफोर्नियातल्या अशा एका क्युलेक्स वाणात हे काम करणाऱ्या एस्टरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या किमान अडीचशे प्रती सापडल्या. हे १९८६ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९९१ साली दिसलं, की वेगवेगळ्या खंडांतल्या क्युलेक्समध्ये अशाच एका जनुकाच्या प्रती जवळजवळ तंतोतंत सारख्या आहेत. म्हणजे हा बदल एकदाच कुठेतरी घडला आणि माणसांच्या जहाजांतून, विमानांतून जगभर फिरला.

या चिवटपणाची डासाला किंमत मोजावी लागते का? फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए शहराभोवती याचं उत्तर मिळालं. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्रकाठच्या पट्ट्यात क्युलेक्सच्या अळ्यांवर ऑर्गॅनोफॉस्फेट या दुसऱ्या घराण्यातली कीटकनाशकं फवारत. संशोधकांनी किनाऱ्यापासून आत, जिथे फवारणी नव्हती तिथपर्यंत डास गोळा केले. किनाऱ्यावर चिवट जनुकं भरपूर, आत जावं तशी कमी. हिवाळ्यात तग धरून राहणाऱ्या डासांमध्ये तर त्यांचं प्रमाण घटत जाई. विष नसेल तेव्हा हे ओझंच होतं आणि साधा डास पुढे निघून जातो. मला यातच आशा दिसते, कारण एखादं औषध काही काळ बाजूला ठेवलं, तर त्याची धार काही अंशी परत येऊ शकते.

औषध 'जैविक' असलं म्हणजे हा प्रश्न सुटतो असंही नाही. कोचीमध्ये क्युलेक्सच्या अळ्यांवर बॅसिलस स्फेरिकस हा जिवाणू फवारला गेला. अळीच्या आतड्यात तो एकाच जोडविषाने, एकाच ठिकाणी घाव घालतो. दोनेक वर्षांतच तिथल्या अळ्या त्याला दाद देईनाशा झाल्या. त्याचाच भाऊबंद बीटीआय अनेक विषं एकदम वापरतो. ती सगळी एकाच वेळी चुकवणं अळीला फार अवघड जातं.

डास दाद देत नाहीत हे ठरवायची जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी साधी आहे. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत पंचवीसेक माद्या तासभर ठेवायच्या, मग स्वच्छ नळीत साखरपाण्याच्या कापसाबरोबर चोवीस तास. शंभरात ९८ किंवा जास्त मेल्या तर औषध चालतंय. ९०पेक्षा कमी मेल्या तर प्रतिकार नक्की. तासाभरात उताण्या पडलेल्या काही माद्या दुसऱ्या दिवशी पुन्हा नळीला चिकटून बसलेल्या दिसतात, म्हणूनच मोजणी उशिरा करतात. घरी कॉइलखाली पडलेला डास मेलाच असं धरून चालू नका.

एक कॉइल पुरेना म्हणून दोन लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरल्याची मोजमापं २००३ साली प्रसिद्ध झाली आहेत. घरात लहान मूल असेल तर हा आकडा विसरू नये.

गटाराचं पाणी एकदा काचेच्या ग्लासात घेऊन पाहा. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते आणि शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून श्वास घेते. ग्लासावर सावली पडली की वळवळत तळाला जाते, थोड्या वेळाने परत वर. तिला वर यावंच लागतं. झांझिबारमधल्या माकुंदुची गावात शौचखड्ड्यांच्या पाण्यावर थर्मोकोलच्या बारीक मण्यांचा थर पसरला होता. अळ्यांना हवा मिळेना, माद्यांना अंडी घालायला पाणी सापडेना. हत्तीरोगावरच्या गोळ्यांची जोड मिळून तिथे डासही घटले आणि रोगही. विषाला चुकवणारं जनुक असतं, पण या थराला चुकवायचं कसं?

गेल्या रविवारी आम्ही गच्चीवर सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधली. पाइपच्या तोंडाशी टॉर्च मारला, तर आतल्या भिंतीवर डासच डास बसलेले. जाळीसाठी काकूंनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काढून दिला. टँकच्या झाकणाची फट बुजवायचं काम अजून बाकी आहे.