स्टिअरिंग कुरकुरतंय? आधी ऑइलची बाटली ठेवा खाली

"स्टिअरिंग वाजतंय? ऑइल कमी झालं असेल," हे रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतं. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये ऑइल उतरलं की पंप घूं घूं करतो, हे खरं. पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते. ऑइलची टाकीच नाही, तर ओतणार कुठे?

गाडी उभी करून कुणाला तरी स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगा आणि आपण पेडलांपाशी कान लावा. कॉलमचा, म्हणजे स्टिअरिंगला जोडलेला दांडा केबिनमधून खाली उतरतो तिथला रबरी बूट (दांड्याभोवतीचं आवरण) कोरडा पडला की तो कुरकुरतो. त्यात आपली तांबडी धूळ! पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. घरात पडलेलं इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं.

'खट्ट' आवाजासोबत हाताला झटका जाणवला, तर संशय दांड्याच्या क्रॉस-जॉइंटवर, म्हणजे दांड्याचे भाग जोडणाऱ्या सांध्यावर. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, गंज चढतोच. ढिला झालेला जॉइंट ग्रीसने सुधारत नाही, बदलावाच लागतो.

खसखस थेट हातातल्या स्टिअरिंगमधून येत असेल तर मात्र स्क्रू-ड्रायव्हर उचलू नका. एअरबॅग तिथेच असते.