कशासाठी वाजवायचं? जॅझ आणि सोलमधल्या 'साक्षी'ची पार्श्वभूमी

1938 सालचा मे महिना. वॉशिंग्टनमधल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सभागृहात पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस पियानोवर बसला आहे. शेजारी तबकडीवर आवाज कोरणारं यंत्र घेऊन ॲलन लोमॅक्स हा तरुण लोकगीत-संग्राहक. माणूस बोलतो आणि बोलता बोलता त्याचे हात पट्ट्यांवर फिरत राहतात. न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्या, तिथल्या अंत्ययात्रा, जुगारी, बदनाम वस्तीतले पियानोवाले, सगळं तो सांगतो. आठवण हळवी झाली की खालचे सूरही हळवे होतात. बोलणं कुठे थांबलं आणि संगीत कुठे सुरू झालं ते कळत नाही.

हा जेली रोल मॉर्टन. त्या नोंदी आठ तासांहून अधिक भरतात आणि त्या सगळ्याच्या सगळ्या लोकांसमोर यायला 2005 साल उजाडलं. आज एखादा जॅझ किंवा सोल कलावंत मुलाखतीत 'मी इथवर कसा आलो, कशासाठी वाजवतो' हे मोकळेपणाने सांगतो तेव्हा आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. पण हे सांगण्याचा हक्क या लोकांना सहज मिळालेला नाही, आणि तो प्रश्नही साधा नव्हता.

मॉर्टन बोलायला बसला त्यामागे राग होता. त्याच वर्षी रेडिओवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांना जॅझचे आणि ब्लूजचे, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या दुःखगीतांचे, जनक म्हटलं गेलं. मॉर्टनने तिरीमिरीत पत्र लिहिलं, 'डाउन बीट' मासिकाने ते छापलं. जॅझ आपणच 1902 साली जन्माला घातलं, असं त्याचं म्हणणं. हे शब्दशः खरं धरता येत नाही. तेव्हा तो पोरसवदा होता, आणि एका माणसाने शोधून काढावं असं हे संगीतही नाही. पण त्याची तडफड समजून घ्यावी लागते. जॅझची पहिली तबकडी 1917 साली निघाली ती गोऱ्या वादकांच्या बँडची, आणि त्या बँडचा म्होरक्या आयुष्यभर हे संगीत आपलंच असल्याचं सांगत राहिला. काळ्या वस्त्यांत घडलेल्या संगीताचा इतिहास दुसरेच कोणी सांगत होते. मॉर्टन 1941 साली गेला, पण जाण्याआधी त्याने आपली बाजू आपल्या तोंडाने नोंदवून ठेवली.

ही ओढ त्याच्या एकट्याची नव्हती. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग दौऱ्यावर टाइपरायटर घेऊन फिरायचा, रात्री कार्यक्रम आटोपला की पत्रं आणि आठवणी बडवत बसायचा. पुढे टेपरेकॉर्डर हाती आल्यावर त्याने शेकडो टेप भरल्या. गप्पा, भांडणं, विनोद, काहीही. टेपच्या खोक्यांवर तो फोटो आणि कात्रणं चिकटवून चित्रं करायचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं त्याचं घर आता संग्रहालय आहे.

माझ्या मते या सगळ्याचं मूळ चर्चमध्ये आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष देणं' हा शब्दप्रयोग रुळलेला आहे. उपासनेत एखादा उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सर्वांसमोर सांगतो. अमेरिकेतल्या काळ्या चर्चमध्ये या साक्षीला फार मोठं स्थान. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. ज्यांना लिहिता येऊ दिलं नाही त्यांनी आपलं आयुष्य उभं राहून सांगितलं, आणि सांगता सांगता गायलं. मंडळी 'आमेन' म्हणत, टाळ्या देत त्या सांगण्यात भर घालायची. एकल वादन आणि त्याला बँडने दिलेला प्रतिसाद हा जॅझचा साचा ऐकताना मला तेच ऐकू येतं.

कलावंतांची घरं पाहिली तरी हेच दिसतं. सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनचे दोन्ही आजोबा पाळक. सोल गायिका अरिथा फ्रँकलिनचे वडील डेट्रॉइटच्या न्यू बेथेल चर्चचे नावाजलेले पाळक. गायिका-पियानोवादक नीना सिमोनची आई पाळक, सोल गायक आणि गिटारवादक कर्टिस मेफील्डची आजी प्रवचनं करायची, जॉनची पत्नी ॲलिस कोलट्रेन लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.

पण याच चर्चने ब्लूज आणि जॅझला सैतानाचं संगीत म्हटलं. म्हणजे 'कशासाठी वाजवतोस?' हा प्रश्न आधी आला तो घरच्यांकडून, आरोप म्हणून. यूनिस वेमन या मुलीला शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने 1951 साली तिला प्रवेश नाकारला. आपल्या रंगामुळेच नाकारला असं ती अखेरपर्यंत मानत होती. 1954 साली पोटासाठी ती अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये वाजवू लागली. आईला कळू नये म्हणून तिने नाव बदललं. ते नाव नीना सिमोन. त्याच वर्षाच्या अखेरीस गायक-पियानोवादक रे चार्ल्सने चर्चच्या गाण्याची चाल उचलून त्यात प्रेयसीचे शब्द घातले, आणि ज्याला पुढे सोल म्हणू लागले त्या संगीताची वाट उघडली. भाविक मंडळी फार दुखावली. देवासाठी असलेला आर्त स्वर बाईसाठी कसा लावायचा?

योगायोग असा की 1954 सालीच जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्स पॅरिसमधल्या एका कार्यक्रमातून पियानो सोडून उठून गेली. तिचं कर्तृत्व लहान नव्हतं. बड्या बँडांसाठी संगीतरचना करणारी, थेलोनिअस मंक आणि बड पॉवेल हे पियानोवादक जिच्या घरी शिकायला, बसायला यायचे ती ही बाई. पण वाजवण्यात अर्थ वाटेनासा झाला. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमला परतून ती तासन् तास चर्चमध्ये प्रार्थना करू लागली, व्यसनात बुडालेल्या वादकांना घरी ठेवून घेऊ लागली, त्यांच्या मदतीसाठी जुन्या वस्तूंचं दुकानही चालवलं. 1957 साली तिने कॅथलिक दीक्षा घेतली. तिला पुन्हा पियानोवर बसवलं ते एका फादरनेच. लोकांना चर्चमधून मदत करणं हे माझं काम, संगीतातून मदत करणं हे तुझं, असं त्यांनी तिला समजावलं. त्याच वर्षी ती न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर वाजवायला आली. पुढे तिने मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी, संगीत रचलं, आणि 1975 साली ते न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये वाजलं. ज्या संगीताला सैतानाचं म्हटलं होतं ते वेदीपर्यंत पोहोचलं.

1957 हेच साल कोलट्रेनच्याही आयुष्यातलं वळणाचं साल. हेरॉइनपायी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला बँडमधून काढलं होतं. त्याने व्यसन सोडलं, आणि त्या वर्षी देवकृपेने आपल्याला आध्यात्मिक जाग आली असं पुढे 'अ लव्ह सुप्रीम'च्या वेष्टनावर स्वतः लिहिलं. संगीताने इतरांना आनंद देण्याचं साधन आपल्याला लाभावं, एवढंच त्याने त्या वेळी मागितलं होतं. ही तबकडी 9 डिसेंबर 1964 रोजी न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. तिचा चौथा भाग 'साम', म्हणजे स्तोत्र. वेष्टनावर कोलट्रेनची एक प्रार्थना-कविता छापलेली आहे. ती समोर ठेवून हा भाग ऐकावा. सॅक्सोफोन ती कविता वाचतो आहे, अक्षरागणिक एक सूर. 'थँक यू गॉड' हे शब्द येतात तिथे सूर उतरून षड्जावर टेकतो, पुन्हा उठतो, पुन्हा टेकतो. मी पहिल्यांदा असं ऐकलं तेव्हा कागदावरून बोट हलवता हलवता थांबलो होतो. तोंडाने एक शब्द न उच्चारता दिलेली ही साक्ष आहे. याहून मोठी मला तरी ठाऊक नाही.

कोलट्रेन 1967 साली चाळिसाव्या वर्षी गेला. बँडप्रमुख आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनने 1965 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये पवित्र संगीताची पहिली मैफल केली आणि आपण केलेलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच असं म्हटलं.

या साक्षींतली एक मात्र मुद्दाम वेगळी काढावी लागते. ड्रमवादक आर्ट टेलर 1963 साली युरोपात राहायला गेला. 1968 ते 1972 या काळात टेपरेकॉर्डर लावून त्याने आपल्याच सोबत्यांना प्रश्न विचारले. माइल्स डेव्हिस, नीना सिमोन, सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स, ड्रमवादक मॅक्स रोच आणि आर्ट ब्लेकी. 1977 साली 'नोट्स अँड टोन्स' या नावाने त्या मुलाखती पुस्तकरूपात आल्या. समोर समीक्षक नाही, मंचावर शेजारी बसून वाजवलेला माणूस आहे, त्यामुळे बोलणाऱ्यांनी काही झाकून ठेवलं नाही. रियाज कसा करता, देव मानता का, 'जॅझ' या शब्दाबद्दल काय वाटतं? अनेकांना तो शब्दच नको होता. रोचला तर तो आपल्या संगीताचा अपमान वाटायचा. मॉर्टनचा राग इथे तीस वर्षांनी जाणता होऊन बोलतो.

सोलमध्ये हाच प्रश्न रस्त्यावर उतरला. 15 सप्टेंबर 1963 रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या एका काळ्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली ठार झाल्या, आणि नीना सिमोन निषेधाचं गाणं लिहायला बसली. भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परतला आणि गायक मार्विन गे याला नुसती प्रेमगीतं गाणं जड जाऊ लागलं. त्यातून 1971 सालचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा आल्बम आला. या सगळ्यांत मला वारंवार आठवतो तो कर्टिस मेफील्ड. ऑगस्ट 1990 मध्ये ब्रुकलिनमधल्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा कोसळून त्याच्या अंगावर पडला. मानेखालचं शरीर निकामी झालं, गिटार कायमची सुटली. 1996 साली त्याने तरीही नवा आल्बम दिला. स्टुडिओत त्याला उताणं झोपवायचे, कारण तसं निजूनच फुप्फुसात पुरेशी हवा भरायची. एक ओळ गायची, थांबायचं, मग पुढची. त्या ओळी जोडून गाणी झाली.

सनी रॉलिन्सची गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती आपल्या दारापर्यंत येते. 1959 साली, नाव शिखरावर असताना, आपल्याला अजून नीट वाजवता येत नाही असं वाटून त्याने मंच सोडला. त्याच्या इमारतीत शेजारी एक बाई गरोदर होती, तिला त्रास नको म्हणून रियाजासाठी जागा शोधत तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर पोहोचला. खाली नदी, बाजूने धडधडत जाणाऱ्या गाड्या, थंडी. तिथे तो दिवसाचे पंधरा-सोळा तासही वाजवत असे. 1961च्या अखेरीस तो परतला.

तरी शोध संपला नव्हता. 1960च्या दशकाच्या अखेरीस रॉलिन्स मुंबईला आला आणि काही महिने पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या सांदीपनी साधनालयात राहिला. त्याची अडचण साधी होती. ध्यानाला बसलं की मन लागत नाही. स्वामीजींनी त्याला सांगितलं की तुझं वाद्य हेच तुझं ध्यान, तेच तुझा कर्मयोग. मेरी लूला हार्लेममध्ये फादरने जे सांगितलं तेच, दहा-अकरा वर्षांनी, पवईत. जॅझच्या इतिहासात पवईचं नाव या कारणाने लागतं, आणि मुंबईत राहणाऱ्या फार थोड्यांना ते माहीत असेल.

रॉलिन्स 1978 साली पुन्हा मुंबईत आला, पहिल्या जॅझ यात्रेत वाजवायला. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात उभा केला होता. तिथून हाकेच्या अंतरावर सेंट झेवियर्स कॉलेजचं प्रांगण. त्याच प्रांगणात वीस वर्षांपूर्वी, 1958 साली, गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र आणले होते. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे त्यांचं नाव पोराटोरांच्या तोंडी गेलं, पण हे नाव खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं! ते गेले 2012 साली. त्यांच्या उतारवयात अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ही मोठीच गोष्ट.

कारण त्यांच्या बरोबरीच्या गोवेकर वादकांच्या वाट्याला असा लोमॅक्स किंवा असा टेलर क्वचितच आला. तेही चर्चमधूनच घडले होते. गावच्या चर्चच्या शाळेत पाद्रींच्या देखरेखीखाली सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकून मुंबई गाठलेले. 1935पासून ताजमहाल हॉटेलात येऊ लागलेल्या काळ्या अमेरिकन वादकांकडून त्यांनी जॅझ उचललं, रात्री हॉटेलात वाजवलं, दिवसा सिनेसंगीताची जुळणी केली. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ज्यांना लोक हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, ते सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. 1951च्या 'अलबेला'तली गाणी लागली की भगवानदादा आणि गीता बालींवरून नजर जरा बाजूला न्यावी. झालरीचे शर्ट घातलेला बँड दिसतो. ट्रम्पेट ओठांना लावून उभे आहेत ते चिक चॉकलेट.