पायलटेज व नौवहन नियमभंगाचा दिवाणी दंड

जहाज हाकण्याचे किंवा बंदरात पायलट घेण्याचे नियम मोडल्यास, फौजदारी खटला न भरता प्रशासकीय चौकशीतून वसूल केली जाणारी रक्कम. या दंडापायी कोणी तुरुंगात जात नाही, गुन्हेगार म्हणून नोंदही होत नाही. ही पद्धत अमेरिकेत बारकाईने बांधली गेली आहे, म्हणून या नोंदीत मुख्यतः तिथलीच माहिती दिली आहे.

पायलट म्हणजे त्या एका बंदराचे पाणी ओळखणारा आणि जहाजाला तिथे वाट दाखवणारा माणूस; त्याच्या या कामाला पायलटेज म्हणतात. महासागर ओलांडून आलेल्या कप्तानाला नकाशा वाचता येतो. पण गाळ यंदा कुठे साचला, ओहोटीचा ओढ कोणत्या वळणावर जहाजाला बाजूला खेचतो, हे तिथेच रोज वावरणाऱ्याला ठाऊक असते. पायलटची बोट रात्री वर पांढरा आणि खाली तांबडा दिवा लावून बंदराबाहेर थांबते. जहाज जवळ आले की चालत्या जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोरशिडीवरून पायलट वर चढतो, आणि मग जहाजावर अर्धे पांढरे, अर्धे तांबडे निशाण चढते. या कामाचे शुल्क भरावे लागते. ते वाचवण्याचा मोह व्यापाऱ्यांना पूर्वीपासून आहे, आणि दंडाची गरजही तिथूनच निर्माण झाली.

अमेरिकेच्या संसदेने 1789 साली पायलटेजचा कारभार राज्यांकडेच राहू दिला. पेनसिल्व्हेनियाच्या 1803 च्या कायद्याप्रमाणे फिलाडेल्फियाचा पायलट न घेणाऱ्या जहाजाला पायलटच्या शुल्काची निम्मी रक्कम भरावी लागे. हे पैसे संकटात सापडलेले वृद्ध पायलट, त्यांच्या विधवा आणि मुले यांच्या निधीत जमा होत. ज्याने नियम चुकवला त्याच्याकडून घेतलेला पैसा त्याच पाण्यावर आयुष्य झिजवलेल्यांच्या घरी जावा, ही कल्पना आजही मनाला भिडते. कूली नावाच्या व्यापाऱ्याने ही रक्कम द्यायला नकार दिला. आंतरराज्य आणि परदेशी व्यापाराचे नियमन संसदेच्या हाती असताना राज्य असा आकार लावू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. 1852 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती कर्टिस यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा, की व्यापाराच्या काही बाबींना देशभर एकच नियम हवा. पायलटेज मात्र बंदरागणिक वेगळे असते, म्हणून संसदेने मनाई केलेली नसेल तोवर राज्यांना ते ठरवता येते.

आज केंद्रीय कायद्यांखालचे असे दंड तटरक्षक दल आकारते. टक्कर टाळण्याचे नियम मोडल्यास मूळ कायद्यात दर उल्लंघनामागे 5,000 डॉलरपर्यंत दंड आहे. तो जहाज चालवणाऱ्यावर बसतो आणि जहाजावर वेगळा. केंद्रीय परवान्याचा पायलट सक्तीचा असताना तो न घेतल्यास मर्यादा 10,000 डॉलर; बंदरे व जलमार्ग सुरक्षा कायद्याखाली 25,000, आणि तिथे उल्लंघन चालू असलेला प्रत्येक दिवस वेगळा धरला जातो. 2015 च्या कायद्यानुसार या मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवल्या जातात. 25,000 ची मर्यादा आता एक लाखाच्या वर गेली आहे.

या व्यवस्थेचा खरा जोर रकमेपेक्षा दंड कोणावर बसतो यात आहे. कप्तान बदलतो, कंपनी दूर देशी नोंदलेली असते, पण जहाज समोर धक्क्याला उभे असते. म्हणून कायदा जहाजालाच देणेकरी मानतो. दंड किंवा त्याची हमी भरेपर्यंत बंदर सोडण्याची परवानगी अडवता येते, आणि थांबलेल्या जहाजाचा रोजचा खर्च मालकाला लवकर वाटाघाटीला आणतो.

प्रकरण आधी सुनावणी अधिकाऱ्याकडे जाते. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत संबंधिताने रक्कम भरायची, लेखी बाजू मांडायची किंवा सुनावणी मागायची. निर्णय पटला नाही तर अपील करता येते. किरकोळ चुकीवर नुसती ताकीदही मिळते.

दंड भरला म्हणजे नुकसानीचा हिशेब मिटला, असे मात्र नाही. 7 नोव्हेंबर 2007 रोजी दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाला घासले आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन खाडीत सांडले. जहाजावर पायलट होता. त्याच्यावर फौजदारी खटला होऊन त्याला 10 महिन्यांची कैद झाली आणि नुकसानभरपाईचे दावे वेगळे चालले. जहाजावर पायलट असला, तरी नुकसानीच्या दाव्यातून जहाज सुटत नाही.

भारतात 1908 च्या भारतीय बंदरे अधिनियमाच्या कलम 31 खाली, अधिसूचित बंदरांत 200 टन व त्यावरील जहाजाने पायलट किंवा बंदर अधिकाऱ्याशिवाय हालचाल केल्यास कप्तानाला दंड होई. पण तो फौजदारी स्वरूपाचा होता. पायलट मागूनही मिळाला नाही, तर कप्तानाला सूट असे. या अधिनियमाची जागा 2025 च्या नव्या कायद्याने घेतली. महाराष्ट्राला या विषयाची झळ 7 ऑगस्ट 2010 रोजी बसली. जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारे ‘खलिजिया-3’ एकमेकांवर आदळले. कलंडलेल्या ‘चित्रा’वरून कंटेनर एकामागून एक समुद्रात घसरले, तेल किनाऱ्याला लागले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस खोळंबली.