दैनंदिन गटांतील कल्टप्रवृत्ती : पार्श्वभूमी

मराठीत ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ या शब्दांना निंदेचा वास नाही. म्हणूनच एखाद्या गटाने माणसांचा कब्जा घेतला आहे असे सुचवायचे असते तेव्हा आपण ‘कल्ट’ हा शब्द उसना घेतो. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ मात्र जोपासना, पूजाअर्चा असा साधाच होता. आज एखाद्या कार्यालयाला किंवा व्यायामगटाला कोणी ‘कल्टसारखे’ म्हटले, की ते धार्मिक पंथावरून घेतलेले रूपक आहे असे आपण धरून चालतो. इतिहास पाहिला तर क्रम जवळजवळ उलटा दिसतो. ही संकल्पना ज्या अभ्यासांवर उभी आहे, त्यांतले बरेचसे तुरुंग, महाविद्यालय आणि प्रयोगशाळा यांच्याशी संबंधित होते. त्यांचे निष्कर्ष धार्मिक पंथांना नंतर लावले गेले.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९५४-५५ मध्ये हाँगकाँगमध्ये, चीनमधील ‘विचारसुधारणे’तून (साम्यवादी राजवटीच्या, माणसांची मते सक्तीने बदलण्याच्या मोहिमेतून) बाहेर पडलेल्या परदेशी आणि चिनी व्यक्तींच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. परदेशी लोक तुरुंगांतून आले होते, तर चिनी सुशिक्षितांपैकी अनेक जण क्रांतिकारी महाविद्यालयांतून. त्यांच्या अनुभवांवरून लिफ्टन यांनी १९६१ मध्ये आठ लक्षणे मांडली. बाहेरच्या जगाशी येणाऱ्या संपर्कावर नियंत्रण, शुद्धतेचा आग्रह, सर्वांसमोर कबुली देण्याची सक्ती, माणसाच्या अनुभवापेक्षा सिद्धान्त मोठा मानणे ही त्यांतली काही होत. मला त्यांतले भाषेविषयीचे लक्षण सर्वांत मोलाचे वाटते : गटाची अशी ठराविक वाक्ये तयार होतात की ती उच्चारताच पुढचा प्रश्न खुंटतो. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य पगाराची चर्चा जिथे थांबवते, तिथे ते नेमके हेच काम करत असते. स्वतः लिफ्टन यांनीही ही चर्चा चीनपुरती न ठेवता शिक्षण, राजकारण, विज्ञान आणि मनोविश्लेषण यांच्यापर्यंत नेली होती.

याच सुमारास प्रयोगशाळांतून वेगळी पण पूरक माहिती येत होती. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी ताडण्यासारख्या उघड गोष्टीतही सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी गटाच्या चुकीच्या उत्तराची री ओढली. गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले तरी हे प्रमाण झपाट्याने घसरे. होयबांच्या बैठकीत एकच माणूस ‘नाही’ म्हणाला की वरिष्ठांना इतके का झोंबते, याचा उलगडा येथे होतो. एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की प्रवेशासाठी अधिक अवघड कसोटी सोसलेल्यांना गटातील कंटाळवाणी चर्चाही अधिक रोचक वाटते.

या सर्वांचे एकत्रित चित्र पाहायचे तर सिनॅनॉनचे उदाहरण पाहावे. चार्ल्स डेडरिक यांनी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे व्यसनमुक्तीसाठी ही संस्था काढली. ‘गेम’ नावाच्या बैठकीत सदस्य एकमेकांवर शब्दांनी तुटून पडत आणि त्यातून माणूस स्वतःशी प्रामाणिक होतो असे मानले जाई. सुरुवातीला वृत्तपत्रांनी तिचे भरभरून कौतुक केले. व्यसनाशी संबंध नसलेले लोकही तिच्यात येऊन राहू लागले. पुढे बरे होऊन बाहेर पडणे हे ध्येयच मागे पडले, सत्तरच्या दशकात संस्थेने स्वतःला धर्म म्हणवून घेतले, पुरुषांवर नसबंदीसाठी दबाव आला, जोडपी वेगळी केली गेली आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये विरोधी वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. संस्था कल्ट झाली तो दिवस अमुक, असे बोट ठेवून सांगता येत नाही. पुढच्याच महिन्यात गयानातील जोन्सटाउनमध्ये, म्हणजे जिम जोन्स या धर्मगुरूच्या अनुयायांच्या वसाहतीत, नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि ‘कल्ट’ म्हणताच धार्मिक गुरूच डोळ्यांपुढे येऊ लागला.

कामाच्या ठिकाणची परंपरा मात्र याहून जुनी आहे. फोर्ड कंपनीने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर देऊ केले, तेव्हा कामगार दारू पितो का, बचत करतो का, घर स्वच्छ ठेवतो का, हे पाहण्यासाठी कंपनीचे निरीक्षक घरोघरी जात. आयबीएममध्ये कर्मचारी कंपनीची स्तुतिगीते गात. समाजशास्त्रज्ञ लुईस कोझर यांनी १९७४ मध्ये माणसाची सारी निष्ठा मागणाऱ्या अशा संस्थांना ‘हावऱ्या संस्था’ म्हटले. गंमत अशी, की वीस वर्षांनी जिम कॉलिन्स आणि जेरी पोरस या व्यवस्थापन-लेखकांनी कल्टसदृश संस्कृती हा टिकाऊ कंपन्यांचा गुण म्हणून नोंदवला.

तरीही हा शिक्का सरसकट मारता येत नाही. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी १९८४ मध्ये युनिफिकेशन चर्च या कोरियात उगम पावलेल्या धार्मिक पंथाच्या अभ्यासातून दाखवले, की शिबिराला आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक सदस्य झालेच नाहीत. म्हणजे ‘मेंदू धुणे’ लोक समजतात तितके अटळ नसते. त्यानंतर अनेक अभ्यासकांचे लक्ष श्रद्धेच्या आशयापेक्षा वागणुकीकडे अधिक वळले : प्रश्न विचारणाऱ्याचे काय होते, आणि सोडून जाणाऱ्याशी बाकीचे बोलतात का. कायद्याची चाल याहून मंद आहे. फ्रान्सच्या २००१ च्या कायद्याने मानसिक अंकित अवस्थेचा गैरफायदा घेणे गुन्हा ठरवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ मध्ये सततच्या दडपशाही नियंत्रणाचा गुन्हा आला, पण तो जोडीदार आणि कुटुंबीय यांच्यापुरताच आहे. वरिष्ठ, प्रशिक्षक किंवा गटप्रमुख त्याच्या कक्षेत येत नाहीत.