मोहरीच्या डोळ्यांचा स्नोमॅन

यंदा मे महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी नाताळ असायचा. साडेपाच वर्षांची भाची सुट्टीला आजोळी आली होती आणि तिला रोज एकच सिनेमा लागायचा, 'द स्नोमॅन'. १९८२ सालचा, जेमतेम २६ मिनिटांचा, हाताने रंगवलेला ब्रिटिश ॲनिमेशनपट. एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस करतो, कोळशाचे डोळे, संत्र्याचं नाक. मध्यरात्री तो जिवंत होतो, दोघं घरभर धुडगूस घालतात, उडत उत्तर ध्रुवावर जातात. सांताक्लॉज मुलाला मफलर देतो. सकाळी मुलगा धावत बाहेर येतो, तर टोपी, मफलर आणि वितळलेला ढीग. संपला सिनेमा. गोष्टीत कुणी अवाक्षर काढत नाही, मधे एक गाणं आहे तेवढंच.

आई वैतागली. "कुणी बोलत नाही, नाताळ आपल्याकडे नाही, आणि बर्फ म्हणजे हिला तलावपाळीवरचा गोळा. मग हिला यात कळतं तरी काय?"

प्रश्न बिनतोड आहे. 'नाताळचा प्रेमाचा संदेश' हे ठरावीक उत्तर इथे चालत नाही, कारण हा सिनेमा ज्यावरून केला त्या रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८च्या चित्रपुस्तकात नाताळ नाहीच. सांताक्लॉज सिनेमावाल्यांनी आणून बसवला. मूल धरून ठेवणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती माझ्या फार आवडीची आहे.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली. पात्रं तीन: मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण, छोटं वर्तुळ. शिवाय दार उघडमीट होणारा एक चौकोन. ३४ जणांना ती दाखवून 'काय पाहिलंत ते लिहा' असं सांगितलं. 'त्रिकोण सरकला, वर्तुळ सरकलं' अशा भूमितीच्या भाषेत एकानेच लिहिलं. बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगट वाटला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं, दोघं छोटे त्याच्या तावडीतून निसटताना दिसले. चेहरा नाही, डोळे नाहीत, आवाज नाही. मन कुठून आलं? बघणाऱ्याने घातलं.

कॅरम आठवा. स्ट्रायकरने मारलेली सोंगटी भोकात गेली तर 'तिला जायचं होतं' असं कुणी म्हणत नाही. धक्का लागला, गेली. पण समजा सोंगटी आपणहून हलली. स्ट्रायकर जवळ येताच, स्पर्श व्हायच्या आत, बाजूला झाली. वाट अडवली तर वळसा घालून त्याच भोकाकडे निघाली. आता तुम्ही ओरडाल, "अरे, पळाली!" बाहेरच्या बलाशिवाय सुरू झालेली गती, लांबून दिलेला प्रतिसाद आणि वाट बदलली तरी न बदलणारं ठिकाण, एवढ्यावर मेंदू 'इथे कुणीतरी आहे' असा निवाडा देऊन टाकतो. तो निवाडा आपण विचार करून देत नाही, तो दिसतो.

हे शाळेत शिकवावं लागत नाही. १९९५ साली गेर्गेय, चिब्रा आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांना पडद्यावर एक चेंडू दाखवला. मधल्या अडथळ्यावरून उडी मारून तो दुसऱ्या चेंडूकडे जायचा. बाळं कंटाळेपर्यंत हेच. मग अडथळा काढला. चेंडू सरळ गेला, म्हणजे डोळ्यांना नवी हालचाल, तर बाळांनी फारसं लक्ष दिलं नाही. चेंडूने जुनीच उडी मारली तेव्हा मात्र ती जास्त वेळ बघत राहिली. नवी वाट चालली, जुनी खटकली! कारण बाळ चेंडूचा मार्ग लक्षात ठेवत नव्हतं, हेतू लक्षात ठेवत होतं. आणि अडथळाच नसताना उडी मारणं त्या हेतूला धरून नाही. (हा परिच्छेद मीही पहिल्यांदा दोनदा वाचला होता. तुम्हीही वाचा.)

इथे थोडा ब्रेक मारतो. २००७ साली 'सहा महिन्यांचं बाळसुद्धा दुसऱ्या ठोकळ्याला चढायला मदत करणाऱ्या ठोकळ्याची बाजू घेतं' असा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग शेकडो बाळांवर केला, तर तशी पसंती दिसली नाही. म्हणून 'आमचे व्हिडिओ दाखवा, बाळाचा मेंदू घडवा' असं विकणाऱ्यांपासून खिसा सांभाळावा.

तर शब्द नसतानाही भाचीला कळतं ते हे: कोण कशासाठी हलतंय. आता रोज तोच सिनेमा का? आईला तो हट्ट वाटतो. अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' या मुलांच्या कार्यक्रमाचा एकच भाग तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पाच दिवस रोज दाखवला होता. त्यांची समज वाढत गेली आणि पडद्याशी बोलणंही. आमच्याकडेही तेच. पहिल्या दिवशी शेवटाला भाची हमसून रडली. चौथ्या दिवशी बर्फाच्या माणसाला बजावू लागली, "बाहेर नको थांबूस, ऊन येईल." गेलेलं परत येत नाही, ही मरणातली मुख्य गोष्ट मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजू लागते. ती नेमकी त्या उंबरठ्यावर होती.

त्या पहिल्या रडण्याच्या दिवशी शेजारच्या काकूंनी निदान केलं, दृष्ट लागली. मीठ-मोहरी ओवाळून टाका. मोहरी वाटीतच राहिली, आणि तिचा उपयोग वेगळा झाला. आमचा फ्रिज जुना, फ्रीझरमध्ये भुसभुशीत बर्फ साचतो. भाचीने तो खरवडून स्टीलच्या ताटलीत वीतभर माणूस केला आणि दोन मोहऱ्यांचे डोळे लावले.

दहा मिनिटं टिकला असेल. दोष नुसत्या उन्हाळ्याचा नाही, ठाण्याच्या दमट हवेचाही. दहावीच्या पुस्तकातले आकडे घ्या: एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात. हवेतली एक ग्रॅम वाफ बर्फावर जमली की जवळपास सात ग्रॅम बर्फ घेऊन जाते. हे मी तिला उत्साहाने सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं नाही.

ती आजीला म्हणाली, "पाणी फेकू नकोस." ते बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरमध्ये ठेवायला लावलं. सकाळी दात न घासता ट्रे काढला. चौकोनी खडे, सगळे सारखे.

"मामा, यातला तो कुठला?"

मला उत्तर सुचेना. तिने एकेक खडा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. एकात मोहरीचा दाणा अडकला होता. "हा बघ," ती म्हणाली, "पण याला एकच डोळा आहे." मग बराच वेळ ती दुसरी मोहरी शोधत बसली आणि तिच्या हातातला खडा गळत राहिला.