फ्रँकलिन यांची प्रवचने आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटवरचे रेकॉर्डचे दुकान

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे कृष्णवर्णीय पाळक रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची तिथली प्रवचने आज ऐकायला मिळतात, त्याचे श्रेय आधी एका दुकानदाराचे. जो व्हॉन बॅटल यांचे हेस्टिंग्ज स्ट्रीटवर रेकॉर्डचे दुकान होते. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातल्या गायकांची गाणी तेच ध्वनिमुद्रित करीत आणि प्रवचनेही तेच.

प्रवचनाच्या तबकड्या त्याआधीही निघत. अटलांटाचे बॅप्टिस्ट पाळक जे. एम. गेट्स यांच्या तबकड्या १९२६ पासून धडाक्याने खपल्या. पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. मोजक्या मंडळींना घेऊन प्रवचनाचा अर्क तेवढा त्यात बसवावा लागे. फ्रँकलिन यांचे ध्वनिमुद्रण झाले ते भरल्या चर्चमध्ये, चालू उपासनेत. एक प्रवचन अनेक बाजूंवर पसरले तरी चालेल, अशा हिशेबाने.

१९१५ मध्ये मिसिसिपीत जन्मलेले फ्रँकलिन मेम्फिस आणि बफेलोमार्गे १९४६ मध्ये डेट्रॉइटला आले. रविवारी रात्री डब्ल्यूजेएलबी रेडिओवरून त्यांची उपासना ऐकू येई. ते संथ, जवळजवळ शिक्षकी सुरात सुरुवात करीत. मग कीर्तनकाराचे निरूपण गाण्यात शिरावे तसे त्यांचे बोलणे लयीत जाई आणि मंडळी प्रत्येक ओळीला ओ देत. ही ओ नसती, तर तबकडीत निम्मेच प्रवचन उरले असते.

१९५३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले गरुडाचे प्रवचन सर्वांत गाजले. बायबलमधल्या ‘अनुवाद’ (ड्यूटरॉनॉमी) या पुस्तकातल्या ३२:११ या वचनावरून ते कोंबड्यांत वाढलेल्या गरुडाच्या गोष्टीवर येते. पुढे शिकागोच्या चेस रेकॉर्ड कंपनीने फ्रँकलिन यांची प्रवचने देशभर पोहोचवली. नॅशव्हिलचे ५० हजार वॅटचे डब्ल्यूएलएसी केंद्र ती रात्री लावी. टपालाने रेकॉर्ड विकणारी दुकानेच तिथल्या कार्यक्रमांची प्रायोजक होती. भक्ती आणि धंदा एकाच लहरीवर! चौदा वर्षांच्या अरीथाची, म्हणजे फ्रँकलिन यांच्या पुढे गायिका म्हणून गाजलेल्या मुलीची, पहिली गाणीही १९५६ मध्ये बॅटल यांनीच न्यू बेथेलमध्ये टिपली.

पुढे महामार्गासाठी हेस्टिंग्ज स्ट्रीट पाडला गेला. बॅटल यांनी ट्वेल्थ स्ट्रीटवर दुकान थाटले आणि जुलै १९६७ च्या डेट्रॉइटमधल्या वांशिक उद्रेकाची ठिणगी नेमकी त्याच रस्त्यावर पडली. लूट, आग आणि बंबांचे पाणी यांत असंख्य टेप गेल्या. म्हणजे आज हाती आहे ते प्रामुख्याने विक्रीसाठी छापले गेलेले. बाजारात न आलेल्या रविवारांचा पत्ता नाही.

१९७९ मध्ये घरात शिरलेल्या चोरांनी फ्रँकलिन यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत; १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने गरुडाचे प्रवचन आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतले, ते २०१० च्या यादीत.