घरचे अळू : कंद लावण्यापासून वडी तळण्यापर्यंत

कंद नेताना ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो : हे अळू खाजरे तर नाही ना? अळवाच्या पानात, देठात आणि कंदात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते हाताला आणि घशाला टोचतात, म्हणून खाज येते. हे प्रमाण जातीप्रमाणे कमीजास्त असते, पण अजिबात न खाजणारे अळू नसते. पूर्ण शिजवले आणि आंबट घातले की त्रास होत नाही. कच्चे पान मात्र चाखूनही पाहू नका, लहान मुलांना कुंडीपासून दूर ठेवा.

आमच्याकडे दोन प्रकारचे कंद मिळतात. काळपट जांभळ्या देठाचे, गडद पानांचे ते वडीचे अळू, तर फिकट हिरव्या देठाचे ते भाजीचे. रंगीत ठिपक्यांची कॅलेडियमची पाने अळवासारखी दिसतात, पण ती शोभेची आहेत, खायची नाहीत. नाल्याकाठी आपोआप उगवलेले अळूही आणू नका.

लागवड

गणपतीत आणि ऋषिपंचमीच्या भाजीसाठी घरची पाने हवी असतील तर कंद जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. पहिली तोडणी साधारण दोन महिन्यांनी मिळते. कुंडी किमान 14 इंच रुंद आणि 12 इंच खोल हवी, एका कुंडीत एकच कंद. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड एकत्र करा. डोळा वर ठेवून कंद दोन-अडीच इंच खोल पुरा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. तोपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा. या काळात पाणी साचले तर कंद कुजतो. पाने सुटल्यावर मात्र अळवाला भरपूर पाणी लागते, उन्हाळ्यात दोन्ही वेळ. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली उत्तम. फार सावलीत देठ लांबतात आणि पान पातळ पडते. वडीला असे पान फाटते. दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत घाला.

करपा आणि अळ्या

सलग पावसात पानावर पाणथळ तपकिरी डाग पडून गोल गोल कडी दिसू लागली, तर तो करपा. ही बुरशी ओल्या पानावरून झपाट्याने पसरते. डागाळलेले पान लगेच देठासकट कापून घराबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. कुंड्या दोन-दोन फूट अंतरावर ठेवा आणि पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको.

पानाची जाळी झाली असेल तर पान उलटून पाहा. खालच्या बाजूला तपकिरी लोकरीसारखा अंड्यांचा पुंजका किंवा एकत्र बसलेल्या बारीक अळ्या सापडतील. तेवढा पानाचा तुकडा काढून टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. निंबोळी अर्क फवारायचा असेल तर त्यात लिटरला अर्धा चमचा द्रव साबण घाला. अळवावरचे पाणी ठरत नाही हे आपण जाणतोच. साबणाशिवाय औषधही तसेच घरंगळून जाते. फवारल्यावर आठवडाभर ती पाने खाऊ नका.

तोडणी

बाहेरची, पूर्ण उघडलेली पाने आधी घ्या आणि आतली दोन-तीन राखा. सगळी एकदम तोडली तर कंद दुबळा होऊन पुढची पाने तळहाताएवढीच येतात. देठ ओढू नका, बुंध्याजवळ सुरीने कापा. चिकाचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. हाताला खाज येत असेल तर आधी खोबरेल तेल चोळा.

फदफदे

पाव वाटी हरभराडाळ आणि पाव वाटी शेंगदाणे चार तास भिजवा. दहा-बारा पाने चिरा, देठ सोलून चिरा. डाळ-दाणे आणि पाने कुकरमध्ये वेगवेगळ्या भांड्यांत तीन शिट्ट्या शिजवा. चिंच इथे घालू नका. आंबटात डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी कडकच राहते. शिजलेले अळू दोन चमचे बेसन लावून घोटा, मग डाळ-दाणे, पाव वाटी चिंचेचा घट्ट कोळ, गूळ, तिखट, मीठ घालून आठ-दहा मिनिटे उकळा. हिंग, मोहरी, मेथीची फोडणी वरून द्या.

वडी

दहा मध्यम पानांना दोन वाट्या बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, अर्धी वाटी चिंचेचा कोळ, दोन चमचे गूळ, तिखट, हळद, हिंग, तीळ आणि मीठ. पीठ बोटाने पसरेल पण ओघळणार नाही इतके घट्ट भिजवा. पातळ पीठ वाफवताना बाहेर येते. पानाच्या जाड शिरा सुरीने तासून लाटणे फिरवा, नाहीतर गुंडाळी सुटते. पानाची मागची बाजू वर ठेवून पीठ लावा. पुढचे पान उलट्या टोकाने ठेवा. पाच पानांची एक गुंडाळी, 25 मिनिटे वाफवा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम वडी मोडते. वडी खाजली तर बहुधा चिंच कमी पडलेली असते.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. थंडीत पाने लहान येऊन वाढ थांबल्यासारखी वाटली तरी कंद उपटू नका. पाणी निम्मे करा. बाजूला आलेली पिल्ले जूनमध्ये वेगळी करून नव्या कुंडीत लावता येतात.